रिपोर्टातला आकडा आणि बाईचं शरीर

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा सारांश)



दवाखान्यातून बाई रिपोर्टाचा कागद घेऊन आपल्याकडे येते. एखाद्या आकड्यापुढे खूण असते, ती घाबरलेली असते. कधी खूण नसते, दुखणं मात्र असतं, आणि घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, हिची नाटकं आहेत." दोन्ही वेळा हा कागद कसा वाचायचा, हे आपल्याला माहीत हवं.

आधी 'नॉर्मल' म्हणजे काय ते पाहू. निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यांतल्या मधल्या 95 टक्के माणसांचे आकडे ज्या मर्यादेत बसतात, तिला साधारणपणे नॉर्मल म्हणतात. म्हणजे शंभरातल्या पाच धडधाकट माणसांचा आकडा मर्यादेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी बाईचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त असते. पॅकेजमध्ये स्वस्तात होणाऱ्या तपासण्यांमागे पुढच्या खर्चाची रांग लागते, ती अशी.

दुसरा प्रश्न, ही निरोगी माणसं कोण? पुरुष की बायका? त्यांत गरोदर बाई होती का?

गरोदरपणाचंच उदाहरण घ्या. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम यकृतात आणि हाडांत असतं, तसंच ते वारेतूनही येतं. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत ते वाढलेलं दिसणं स्वाभाविक आहे. रक्तातलं पाणी वाढतं म्हणून अल्ब्युमिन हे प्रथिन कमी दिसतं. पण एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात, आणि केवळ गरोदरपणामुळे ती वाढत नाहीत. ती वाढली असतील, प्लेटलेट कमी असतील, रक्तदाब चढलेला असेल, डोकं किंवा बरगड्यांखाली पोट दुखत असेल, तर 'पित्त झालंय' म्हणून घरी बसवू नका. लघवीत प्रथिन नसलं तरी हा धोका असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

एसजीओटी स्नायूंतही असतं. सवयीबाहेरच्या अंगमेहनतीनंतर ते वाढू शकतं. म्हणून यकृताचा आजार ठरवण्याआधी बाईला तिच्या कामाबद्दल विचारायला हवं.

आता हृदय. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात येतं. निरोगी बायकांमध्ये त्याची पातळी पुरुषांपेक्षा कमी असते. एका प्रचलित अतिसंवेदनशील चाचणीत पुरुषांची मर्यादा 34, तर बायकांची 16 नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे. दोघांना एकच मर्यादा लावली की बाईच्या हृदयाची इजा नजरेतून सुटते. स्कॉटलंडमध्ये दहा रुग्णालयांतल्या 48 हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. स्वतंत्र मर्यादा लावल्यावर नव्याने सापडलेल्या रुग्णांत बायका पुरुषांच्या पाचपट होत्या. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांना मिळालेले उपचार पुरुषांच्या जवळजवळ निम्मेच होते. आकडा सुधारला, पण बाईच्या दुखण्याकडे पाहण्याची नजर तीच राहिली. ती बदलण्याचं काम प्रयोगशाळा करणार नाही, ते आपलं आहे.

आपण डॉक्टर नाही, निदान करायचं नाही. पण बाईबरोबर जाऊन चार प्रश्न विचारता येतात. ही मर्यादा बायकांसाठी आहे का? ती गरोदर आहे, हे लक्षात घेतलंय का? मागच्या रिपोर्टपेक्षा किती फरक पडला? छातीत दुखत असेल तर ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा तपासणार का? सुरुवातीला ते वाढलेलं नसूही शकतं.

प्रत्येकीने आपले जुने रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवावेत, हे आपापल्या गटात नक्की सांगा. आणि एखादी बाई "मला बरं वाटत नाही" म्हणाली, तर रिपोर्ट काहीही असो, आधी तिचं ऐका.