भरलेल्या ट्रॉलीची परीक्षा

ड्यूटीच्या पाळ्या बदलून सिस्टर-ब्रदर आज केज तालुक्यातल्या नांदूरघाटात जमले आहेत. याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतला रुग्ण तिथवर पोचतो, तेव्हा त्याच्या खाटेशी औषधांची ट्रॉली घेऊन सिस्टरच येते. आजची परिषद त्या ट्रॉलीसाठी आहे.

फिलाडेल्फियाच्या डॉ. जोएल नोबेल यांनी १९६० च्या दशकात जीव वाचवण्याचे सामान एकाच गाडीवर आणले आणि तिला 'मॅक्स' नाव दिले. आज अशा गाडीवर मॉनिटर, डिफिब्रिलेटर, सक्शन यंत्र, ऑक्सिजन सिलिंडर असे सगळेच चढते. जड वस्तू वर गेली की गाडी कलते.

हिशेब साधा आहे. चाकांमधले अंतर ५० सेंटिमीटर आणि भाराचा मध्य जमिनीपासून १ मीटरवर असेल, तर ट्रॉली सुमारे १४ अंशांच्या कलाला आडवी होते. सिलिंडर, बॅटरी तळाशी बसवून तोच मध्य ७० सेंटिमीटरवर आणला, तर ती १९ अंशांपुढेही उभी राहते. १:१२ चा रॅम्प जेमतेम ५ अंशांचा असतो, हे खरे. पण ढकलण्याचा जोर, उंबरठ्यावर बसणारा धक्का आणि भरलेला खण बाहेर ओढल्यावर पुढे सरकणारा भार, हे सगळे त्यात मिळते. म्हणून एका वेळी एकच खण उघडेल अशी कडी हवी. वैद्यकीय विद्युत उपकरणांचे आयईसी ६०६०१-१ हे मानक, उपकरण हलवण्याच्या स्थितीत १० अंशांच्या उतारावर तपासायला सांगते.

चाकांकडे तर विशेष लक्ष द्यावे. टोकाला चाके असलेले ३० सेंटिमीटर लांबीचे चार पाय लावले, तर मध्यापासून कलण्याची कड २१ सेंटिमीटरवर येते. पाच पायांना ती २४ वर जाते. सलाईन स्टँडला पाच पाय असतात ते यासाठीच. फिरती चाके आत वळली की हा आधार आणखी आखडतो. छोटे चाक फरशीच्या सांध्यात अडते, मोठे ओलांडून जाते.

टेंडरमध्ये पत्र्याची जाडी आणि स्टीलचा दर्जा लिहिला जातो. त्यांच्या बरोबरीने पूर्ण भरलेल्या ट्रॉलीची उतारावरची चाचणी लिहिली जावी, आणि पसंतीच्या कागदावर वॉर्डातल्या सिस्टरची सही असावी, असा ठराव स्वागत समिती या परिषदेपुढे मांडत आहे. दुपारच्या सत्रात ट्रॉली बनवणारे कारागीर आणि सिस्टर यांनी त्यावर एकत्र बसून बोलावे, ही विनंती.