ह्या फोटोत मी कुठाय?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे. नुसत्या आकाशाचे नाही, समोर माणूस उभं करून. संघटनेतल्या काहीजणी गमतीनं म्हणतात, हिला कामं कमी पडली वाटतं! पण ह्याच नादापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक फक्त फोटो काढणाऱ्यांची नाही, आपल्या सगळ्यांच्या कामात होते. म्हणून आज तिच्याबद्दल बोलणार आहे.

आधी थोडं तंत्र सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. चांदण्यांचा फोटो घ्यायचा तर चंद्र नको, म्हणजे अमावास्येच्या आसपासची रात्र हवी. आता अमावास्येला बाईनं घराबाहेर पडू नये असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं, म्हणजे सुरुवातच तिथून! कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा आणि पडदा पंधरा सेकंद उघडा ठेवायचा. माझ्या साध्या १८ मिलिमीटरच्या भिंगाला तेवढंच चालतं. त्याहून जास्त ठेवला तर पृथ्वी फिरत असल्यामुळे चांदण्यांच्या रेघा उमटतात. समोरच्या माणसानं सोळा-सतरा फुटांवर उभं राहायचं आणि ते पंधरा सेकंद हलायचं नाही. कॅमेरा जमिनीलगत ठेवला की माणूस आकाशाच्या पुढे येतं. आणि वेगळा उजेड दिला नाही तर त्या माणसाची फक्त काळी आकृती उमटते.

ही काळी आकृती दिसायला फार छान दिसते. घोळ झाला तो इथेच.

जुन्नर भागातल्या एका गावात आमच्या गटातल्या एक मावशी आहेत. नवऱ्यानं टाकलेल्या. भावाची दीड एकर जमीन गेली वीस वर्षं त्या कसतात. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं येते, आणि रात्रपाळी आली की कांद्याला पाणी रात्रीच द्यावं लागतं. त्या भागात बिबट्याची भीती आहे. तरी मावशी खोरं आणि बॅटरी घेऊन एकट्या दारं धरायला जातात. रात्री बाईनं बाहेर पडू नये म्हणणारं गाव त्या वेळी मात्र गप्प असतं. बाईला रात्र बंद असते ती फिरायला, राबायला नाही.

एका जानेवारीत मी त्यांच्याबरोबर बांधावर गेले. मी फोनवर नक्षत्रांचा नकाशा काढला तर मावशी हसल्या. मृगाच्या मधल्या तीन चांदण्यांना त्या तिकांडं म्हणतात. “तिकांडं मावळतीला टेकलं की चार वाजले. मग वीज जायला दोन तास राहिले.” सप्तर्षी म्हणजे त्यांचं बाजलं आणि त्यामागचे तीन चोर. मी म्हटलं, “मावशी, जरा स्तब्ध उभ्या राहा.” त्या म्हणाल्या, “राहते, पण लवकर आटप. वाफा फुटंल.”

फोटो सुंदर आला. काळी आकृती, खांद्यावर खोरं आणि डोक्यावर तिकांडं. आठ मार्चच्या प्रदर्शनात आम्ही तो मोठा करून लावला. खाली लिहिलं, ‘रात्रीवर हक्क सांगणारी स्त्री’. सगळ्यांनी वाहवा केली.

त्या दिवशी मावशीही गटाबरोबर आल्या होत्या. बराच वेळ फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “ताई, ह्या फोटोत मी कुठाय?” मी म्हटलं, “ह्या काय, तुम्हीच की.” त्या म्हणाल्या, “ही कुणीबी असंल. तोंड न्हाई, नाव न्हाई. सातबाऱ्यावर नाव न्हाई, तुमच्या भिंतीवर बी न्हाई.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘ओळख लपवायला तसं केलं’ असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मला चित्र छान दिसलं, एवढंच.

पुढे वाचताना मला विल्यमिना फ्लेमिंग भेटली. स्कॉटलंडहून अमेरिकेत गेलेली ही बाई गरोदर असताना तिच्या नवऱ्यानं तिला सोडलं. पोटासाठी ती हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण झाली. १८८१ पासून ती वेधशाळेतच कामाला लागली. रात्री दुर्बिणीवर पुरुष बसायचे. काचेवर उमटलेले आकाशाचे फोटो दिवसा तपासणं हे बायकांचं काम. तिनं दहा हजारांवर ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. १८८८ मध्ये एका फोटोत तिला एक काळा डाग दिसला. आज त्याला अश्वमुख तेजोमेघ म्हणतात. पण पुढे आलेल्या यादीत त्या शोधापुढे तिचं नाव नव्हतं, नुसतं पिकरिंग एवढंच होतं. आणि पगार? तिला वर्षाला १५०० डॉलर, तर काही पुरुष सहायकांना २५००. हे तिनं १९०० साली स्वतःच्या रोजनिशीत नोंदवून ठेवलंय.

तो काळा डाग आहे कुठे? तिकांड्यातल्या एका चांदणीच्या अगदी शेजारी. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “तिला बी टाकलेली का?”

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच बांधावर गेलो. या वेळी आधी बोललो. मावशींना तोंड दिसायला हवं होतं आणि विहिरीवरची मोटारीची पेटीही, कारण वीस वर्षं ती पेटी त्याच चालू-बंद करतात. मग मी बॅटरीवर पातळ कागद गुंडाळला आणि पंधरा सेकंदांतला एकच सेकंद बाजूनं उजेड टाकला. तेवढ्यात चेहरा उमटतो, चांदण्याही पुसल्या जात नाहीत. पहिल्या वेळी त्यांनी डोळे मिटले. चौथ्या वेळी फोटो जमला. फोटोखाली त्यांनी सांगितलं तसं, त्यांचं पूर्ण नाव आणि पुढे ‘शेतकरी’ असं लिहिलं.

पण ह्यावरून सगळ्यांचे चेहरे दाखवा असा अर्थ काढू नका. त्याच गटातली एक मुलगी म्हणाली, “माझी केस चालू आहे, माझा चेहरा नको.” तिचा फोटो पाठमोरा घेतला. तिथे काळी आकृतीच बरोबर, कारण ती तिनं निवडली. फरक कोण ठरवतं ह्यात आहे.

आपण अहवाल लिहितो, पोस्टर काढतो, ‘एक पीडित महिला’, ‘एक ग्रामीण स्त्री’ असं बिनदिक्कत लिहून मोकळ्या होतो. माझी विनंती एवढीच, की लिहिण्याआधी तिला विचारा. नाव हवं का, चेहरा हवा का, स्वतःला ती काय म्हणवते. आणि छापून आलं की एक प्रत तिच्या हातात द्या.

मावशींच्या घरी तो फोटो भिंतीवर आहे. भावाशी जमिनीतल्या हिश्शाची बोलणी चालू आहेत. दोनदा फिसकटली, तिसऱ्यांदा पुढच्या महिन्यात बसायचंय. त्या बैठकीला गटातल्या बाया जाणार आहेत. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. बैठक संध्याकाळी आहे, परतायला रात्र होईल. बॅटरी बरोबर ठेवा.