चाल कागदावर, डौल माणसात



लोकनृत्याची चाल शोधावी कोठे आणि शिकावी कशी, या दोन प्रश्नांपुरतेच आज आम्ही बोलणार आहोत. उदाहरणे इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियातील आहेत.

इंग्लंडमधील पहिले ठिकाण म्हणजे पुस्तक. १६५१ साली लंडनच्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ छापले. पहिल्याच आवृत्तीत शंभराहून अधिक नृत्ये होती आणि प्रत्येकाची चाल स्वरलिपीत दिली होती. सुमारे पाऊणशे वर्षे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पुढे नृत्ये मागे पडली, तरी कागद राहिला.

दुसरे ठिकाण म्हणजे माणूस. २६ डिसेंबर १८९९ रोजी सेसिल शार्प हे संगीतशिक्षक ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन येथे सासूच्या घरी होते. पायांना घुंगरू बांधलेले काही मजूर अंगणात येऊन नाचू लागले. वस्तुतः हा नाच वसंतअखेरच्या सणाचा. पण थंडीने काम बंद पडले होते, म्हणून चार पैशांसाठी मंडळी अवेळी बाहेर पडली होती. त्यांना साथ करणारा विल्यम किंबर हा गवंडी. तो कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची लहान भात्याची पेटी, वाजवीत होता. शार्प यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावून चाली उतरवून घेतल्या. पुढे १९११ साली त्यांनी लोकनृत्याची संस्था काढली आणि प्लेफर्डची नृत्येही पुन्हा उभी केली. म्हणजे पोटासाठी केलेल्या अवेळच्या खेळातून एक चळवळ उभी राहिली!

स्वीडनमध्ये १९०६ साली चित्रकार अँडर्स झोर्न यांनी गेसुंडा येथे खेड्यांतील वादकांची स्पर्धा भरविली. १९०८ साली चाली जमविण्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्यात निल्स अँडरसन यांनी पुढाकार घेतला. १९२२ ते १९४० या काळात ‘स्वेन्स्का लोटर’ हा सुमारे आठ हजार चालींचा संग्रह प्रसिद्ध झाला.

मग आता शिकायचे काय उरले, असे कोणी विचारील. उत्तर नॉर्वेत मिळते. तेथील हार्डांगर फिडलला वाजत्या तारांखाली, आपल्या सारंगीप्रमाणे, तरफा असतात. तिच्यावर वाजणाऱ्या ‘स्प्रिंगार’ नृत्याच्या तीन मात्रा कागदावर सारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्या सारख्या नसतात. टेलेमार्क भागात पहिली मात्रा लांब आणि तिसरी आखूड; वाल्ड्रेसमध्ये पहिलीच आखूड. कागद पाहून मोजून वाजवाल, तर नाचणाऱ्याचे पाऊल अडखळेल. मात्रेची ही ओढ वादकाच्या मनगटात आणि नर्तकाच्या गुडघ्यात असते. एकोणिसाव्या शतकातील धार्मिक लाटेत या फिडलला सैतानाचे वाद्य ठरवून काही फिडली नष्ट करण्यात आल्या. अशा वेळी वाद्यच नव्हे, तर ते वाजविण्याची रीतही धोक्यात येते.

तेव्हा शिकण्याचा क्रम आम्ही असा सुचवितो: आधी ऐकावे, मग गुणगुणावे, मग नाचणाऱ्यांची पावले पाहावी, जमल्यास स्वतः चार पावले टाकावी, वाद्य त्यानंतर हाती घ्यावे. विस्मरण झाले, तर कागद आहेच. किंबर १९६१ पर्यंत जगला. त्याच्या वादनाची ध्वनिमुद्रणे आजही ऐकता येतात. त्यांची मदत मोठी आहे. पण आपले पाऊल चुकले हे सांगायला समोर माणूसच लागतो.

कागद नसता, तर प्लेफर्डच्या चाली आपल्यापर्यंत पोहोचल्या नसत्या. किंबर नसता, तर शार्प यांना ऐकायलाच काही मिळाले नसते. म्हणून जाणता वादक जिवंत असेल, तोवर आधी त्याच्याकडे जावे. ग्रंथालय उद्याही उघडे असते.