नोकरभरतीची नवी रीत आणि आपला हक्क

(मागासवर्गीय नोकरदार व सुशिक्षित तरुण यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरीला माणूस कसा घेतला जातो, हा विषय वरवर पाहता कचेरीतील कामकाजाचा वाटतो. जाहिरात निघते, अर्ज येतात, कोणाला बोलावणे जाते, कोणाला जात नाही. त्यात सभा भरवून बोलण्यासारखे काय आहे, असे एखाद्याला वाटेल. परंतु ज्या देशात माणसाने कोणते काम करावे हे शतकानुशतके त्याच्या जन्मावरून ठरत आले, त्या देशात निवड कोण करतो, कोणत्या कसोटीने करतो आणि त्याचा जाब कोणाला देतो, हा प्रश्न आपल्यापुरता तरी कारकुनी राहत नाही. तो हक्काचा प्रश्न होय.

मुंबईच्या गिरण्यांपासून आरंभ करतो. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी पुष्कळांनी गाव सोडले ते गिरणीच्या भोंग्याच्या भरवशावर. गिरणी जात पाहत नाही, अशी त्यांची समजूत होती, आणि ती निम्मी खरीही होती. कताईच्या खात्यात आपल्या माणसाला काम मिळे. परंतु ज्या सांचेखात्यात मजुरी अधिक होती, त्या विणकामाच्या खात्याचे दार मात्र त्याला बंद होते. कारण काय, तर धोट्यातील कांडीचे सूत संपले की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्णाने कसा तोंडाला लावावयाचा? एवढ्या एका छिद्रापायी हजारो कुटुंबांची मिळकत वर्षानुवर्षे खालच्या पायरीवर राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मजुरांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला, हे विसरता येत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ही बंदी पाळली जाण्यासाठी कोणाला नियम लिहून ठेवावा लागला नाही. भरती जॉबरच्या हाती होती. गिरणीच्या दारात सकाळी उभ्या असलेल्या माणसांतून कोणाला आत घ्यावयाचे, कोणाला बदलीवर ठेवावयाचे, कोणाला परत पाठवावयाचे, हे तो ठरवी. बायकांच्या खात्यात तेच काम नायकीण करी. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस आणी, आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. ज्याचा जॉबर नाही त्याला गिरणी नाही. आपल्या लोकांना सांचेखात्यात जॉबर कोठून असणार? तेथे कामगारच नाहीत, तर जॉबर होणार कोण? अशा रीतीने दार आपोआप बंद राही आणि ते बंद केल्याचा दोष कोणाच्याच माथी येत नसे.

मजूर कमिशन १९२९ साली नेमले गेले. त्याने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली. पुढे १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. जॉबर काही एका दिवसात गेला नाही. तरी भरतीची वही असावी, तिच्यात नाव असावे आणि नाव असलेल्याचा काही हक्क असावा, ही कल्पना रुजली. वही ही क्षुल्लक वस्तू नव्हे. जेथे वही नसते तेथे तक्रारीला पुरावाही नसतो.

सरकारी नोकरीची कथा याहून निराळी आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा ८⅓ जागा राखल्या गेल्या, आणि १९४६ साली ते प्रमाण शेकडा १२½ झाले. १९४५ साली सेवायोजन कार्यालये निघाली. १९५० च्या घटनेने १६ व्या अनुच्छेदात नोकरीतील समान संधी आणि राखीव जागांचा अधिकार ही दोन्ही कलमे शेजारी शेजारी ठेवली. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे सक्तीचे करणारा कायदा १९५९ साली झाला. त्याचबरोबर लेखी परीक्षा आली. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो. खेड्यातील आपल्या मुलाला त्या क्रमांकाने जे दिले ते मोठमोठ्या देशभक्तांच्या भाषणांनी दिले नव्हते! मुलाखत हे मात्र त्या व्यवस्थेतील जुने छिद्र राहिले. लेखी परीक्षेत वर आलेला मुलगा मुलाखतीच्या गुणांत खाली येण्याचा अनुभव घराघरांत आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणींच्या नोकऱ्यांसाठी मुलाखत बंद केली, हे योग्यच झाले.

धर्मांतरितांना या वाटेवर एक जादा फेरा पडला. १९५६ च्या दीक्षेनंतर जो बौद्ध झाला त्याला केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीचा म्हणून हक्क उरला नाही. महाराष्ट्र राज्याने आपल्या सेवांत सवलत दिली. पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! त्या काळात कित्येक घरांत माणूस मनाने व आचाराने बौद्ध आणि दाखल्यावर जुन्याच जातीचा, असा दुभंग राहिला. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. भाकरी आणि धम्म यांपैकी एक निवडा असे ज्या अर्जाच्या नमुन्याने त्यांना सांगितले, त्या नमुन्यालाच मी दोष देईन.

आता आजच्या रीतीकडे वळतो. पहिला बदल असा की, दार तेच ठेवून दारामागील जागाच हलविण्यात येत आहे. पद कायम नाही, कंत्राटी आहे. आणि नेमणूक खात्याची नाही, पुरवठादार एजन्सीची आहे. ४५ दिवस वा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांत राखीव जागा ठेवल्या पाहिजेत, अशा केंद्राच्याच सूचना आहेत. परंतु नेमणूक एजन्सीच्या हातून झाली की बिंदुनामावली कोणाच्या मेजावर ठेवावयाची? महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत बाह्यस्रोताने पदे भरण्याचा निर्णय काढला. राज्यभर तरुणांचा असंतोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. दिल्लीतही ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाने ४५ वरिष्ठ पदांवर बाहेरून थेट नेमणुकीची जाहिरात दिली. तीत राखीव जागा नव्हत्या. तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. एकेक पद वेगळे धरले की आरक्षण लागू होत नाही, असा तो युक्तिवाद होता. पंचेचाळीस जागा एकाच जाहिरातीत एकत्र आणि हिशेबाला मात्र सुट्या, हे अंकगणित शाळकरी पोरालाही पटणारे नव्हते.

सफाईच्या कामात मात्र आपल्याला शिफारस कधीच लागली नाही. तेथे भरतीचे दार सताड उघडे. अडचण आली ती कायम होण्याच्या वेळी. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळण्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०१७ साली तो मिळाला. ते लढू शकले कारण त्यांची संघटना होती आणि कोण कोठे किती दिवस राबला याचे कागद त्यांनी जमविले होते.

दुसरा बदल खाजगी क्षेत्रातील, आणि आपल्या शिकलेल्या मुलांचा संबंध आता मुख्यतः तेथेच येतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक तरुणाने माहीत करून घ्यावा. त्यांनी ६६ आठवड्यांत वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक नावाचा. कोणते आडनाव उच्च जातीचे, कोणते दलित, कोणते नाव मुस्लिम, एवढेच. उच्च जातीच्या नावाला पुढचे बोलावणे येण्याचा जो संभव, त्याच्या ढोबळमानाने दोनतृतीयांश संभव दलित नावाला, आणि एकतृतीयांश मुस्लिम नावाला, असे आढळले. अर्जदार समोर आलेला नव्हता. त्याचे बोलणे, पोशाख, उच्चार काहीच कोणी पाहिले नव्हते. केवळ आडनावावर हा निकाल लागला होता. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या २५ भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. ते सर्व गुणवत्तेचीच भाषा बोलत. आणि बहुतेकांना मुलाखतीत उमेदवाराच्या घराण्याची चौकशीही महत्त्वाची वाटे. वडील काय करतात, घर कोठले, भावंडे काय शिकली. ज्याचा बाप सफाई कामगार आहे त्याने या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे की खोटे, याचे मार्गदर्शन कोणत्या पुस्तकात आहे?

आणि जॉबर? तो गेला असे आपण समजत होतो. आज कंपनी आपल्या नोकरांना सांगते, तुमच्या ओळखीचा कोणी योग्य माणूस असेल तर सुचवा; घेतला गेला तर तुम्हाला बक्षीस देऊ. यास रेफरल म्हणतात. जुना जॉबर मजुराकडून दस्तुरी घेई, आता ती कंपनीच्या तिजोरीतून मिळते, एवढी सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्या वर्गात, वसाहतीत, नात्यात आधीच कोणी आत नाही, त्याला सुचविणार कोण? सांचेखात्याचेच गणित हे. आणि हो, जुनी दस्तुरीही अगदी नाहीशी झालेली नाही. नोकरी लावून देतो म्हणून अनामत मागणारे आपल्या वस्त्यांत हिंडत असतात. जो नोकरीआधी पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते, हे मी येथील आयाबहिणींना मुद्दाम सांगतो, कारण दागिना त्यांचाच मोडतो.

तिसरा बदल सर्वांत नवा आहे. एका जागेसाठी हजारो अर्ज संगणकावरून येतात आणि ते प्रथम माणूस वाचत नाही, यंत्र वाचते. ठराविक शब्द आहेत की नाहीत हे ते पाहते आणि क्रम लावते. पुष्कळ ठिकाणी पूर्वी निवडलेल्या माणसांच्या नोंदींवरून चांगला उमेदवार कसा असतो हे त्या यंत्राला शिकविलेले असते. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने असे यंत्र २०१४ पासून तयार करावयास घेतले होते. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकविले. त्यांत पुरुषांचे अर्ज अधिक. परिणामी ज्या अर्जात स्त्रियांच्या संस्थेचा वा महाविद्यालयाचा उल्लेख येई तो अर्ज यंत्र खाली ढकलू लागले. कंपनीने तो उद्योग सोडून दिल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. कोणीही यंत्राला स्त्रियांना वगळ असे सांगितले नव्हते. कालचा पक्षपात त्याने गुणवत्ता म्हणून पाठ केला होता.

आपल्या देशात अशा यंत्राला जात सांगण्याची गरज नाही. आडनाव आहे, गाव आहे, शाळेचे माध्यम आहे, महाविद्यालयाचे नाव आहे, शिष्यवृत्तीचा उल्लेख आहे, शिक्षणात पडलेला दोन वर्षांचा खंड आहे. हा खंड का पडला, हे यंत्र विचारीत नाही. मी यंत्राचा शत्रू नाही. नाव झाकून केवळ काम पाहणारे यंत्र बनविता येते, आणि ते पुष्कळ माणसांहून न्यायी ठरेल. प्रश्न ते बनविणारा कोण आणि तपासणारा कोण, हा आहे. न्यूयॉर्क शहराने यासाठी कायदा केला आणि २०२३ च्या जुलैपासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. अशा यंत्राची पक्षपाताबाबत दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी व्हावी, तिचा सारांश प्रसिद्ध व्हावा आणि उमेदवाराला आधी कळवावे, असे त्यात आहे. तेथे तपासणी वंश आणि लिंग यांची होते. आपल्याकडे ती जातीची व्हावयास हवी, हे सांगण्यास परदेशी पंडिताची आवश्यकता नाही.

कायदा आपल्या हाती मुळीच नाही असे नव्हे. घटनेचे १६ वे अनुच्छेद सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही, हे खरे. परंतु अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे अनुच्छेद सर्वांनाच बांधते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात व्यवसायाबरोबर नोकरीचाही समावेश आहे, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने तो झाला. कलम आहे, पुरावा नाही. नकाराचे कारण कोणी लिहून देत नाही, आणि पुष्कळदा नकारही देत नाही, नुसते मौन. म्हणून माझी पहिली मागणी राखीव जागांची नसून वहीची आहे. ती मागणीही मी सोडलेली नाही. पण वहीवाचून राखीव जागाही कागदावर राहतात. किती अर्ज आले, किती मुलाखतीस बोलावले, किती घेतले, हे प्रत्येक पायरीवर जातवार नोंदविणे ठराविक संख्येहून अधिक माणसे ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीस सक्तीचे झाले पाहिजे. सरकारी कंत्राट घेणाऱ्या एजन्सीस तर कंत्राटाच्या अटीतच ते घालता येईल. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

तरुण मित्रांनो, आडनाव बदलावे काय, असे तुमच्यापैकी काहींनी सभेपूर्वी मला विचारले. ज्याने बदलले त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पोट त्याचे आहे. परंतु आडनाव बदलून एकटा आत जातो आणि आत गेल्यावर जन्मभर जेवणाच्या सुटीत घरचा विषय चुकवीत राहतो. त्यापेक्षा या मंडळाने एक काम हाती घ्यावे असे मी सुचवितो. आपल्या सभासदांच्या मुलामुलींनी पाठविलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत, जाहिरात, तारीख आणि आलेले वा न आलेले उत्तर एका वहीत लिहावे. शक्य तेथे त्याच वर्गातील, त्याच गुणांच्या इतर मित्रांनाही त्यांच्या अर्जाचे काय झाले ते विचारून शेजारच्या रकान्यात लिहावे. वर्षभराने ती वही घेऊन कामगार आयुक्तांकडे आणि अनुसूचित जाती आयोगाकडे आपण जाऊ. वही कोणी सांभाळावयाची, याची नावे आजच्या सभेतच ठरावीत, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.