जुन्या सर्व्हरचा नवा देह

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ सालीं स्थापन झाली. तिनें आपला कारभार संगणकावर आणला, आणि पुढें राज्य सरकारनें तोच नमुना इतर नगरपालिकांसाठीं स्वीकारला. जन्माचा दाखला, घरपट्टीची पावती यांसाठीं गृहस्थ आतां दप्तराच्या कपाटाऐवजीं सर्व्हरवर विसंबतो. कोणत्याही कचेरींतील असा सर्व्हर जीर्ण झाला, म्हणजे त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या मोठ्या संगणकांत आभासी यंत्र म्हणून चालवितां येते.

पुष्कळदां ही नक्कल उभीच राहत नाहीं. विंडोजचा पडदा निळा होतो व ‘७बी’ हा दोषांक उमटतो. माहिती शाबूत असते. फक्त नव्या डिस्कशीं बोलणारा ड्रायव्हर विंडोजपाशीं नसतो. तो घातला कीं यंत्र जागें होतें. दुसरी व्याधि नेटवर्कची. जुन्या कार्डाची अदृश्य नोंद ठरलेला आयपी पत्ता अडवून बसते. ती काढून टाकावी. नक्कल घेतांना डेटाबेस बंद ठेवावा, नाहीं तर चालू नोंद अर्धवट उतरते.

नक्कल कसोटीस उतरेपर्यंत मूळ यंत्र मोडींत काढूं नये. मात्र दोन्ही एकाच नेटवर्कवर एकदम चालवूंहि नयेत. दोहोंकडे निरनिराळ्या नोंदी होऊं लागल्या, तर खरें दप्तर कोणतें, हें सांगणार कोण?