बिल दवाखान्याचं, व्याज कुणाचं?

(नागाव येथे ग्रामसंघाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)

सभा मुद्दाम सोमवारी ठेवली. शनिवार-रविवार आपल्यातल्या निम्म्या बाया पर्यटकांच्या जेवणात अडकलेल्या असतात, हे मला माहीत आहे. मी हिशोबाच्या वह्या लिहिते, म्हणून आज हिशोबाचंच बोलते. पण हा हिशोब माझ्या घरचा आहे.

माझा दीर सुपारीच्या झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. पनवेलच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात नेला. ऑपरेशनचं बिल झालं 80 हजार. एवढे पैसे कुठले? काउंटरशेजारी फायनान्सवाल्याचा मुलगा बसला होता. म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, बिनव्याजी हप्ता आहे, बारा महिन्यांत फेडा." जावेने रात्री अकरा वाजता सह्या केल्या. कागद इंग्रजीत. वाचायला कुणाला सुचतंय हो त्या वेळी!

फाइल चार्ज म्हणून 2,400 गेले. सहा हप्ते व्यवस्थित भरले. मग पावसाळा आला, होड्या किनाऱ्याला लागल्या, धंदा बंद. दोन हप्ते चुकले. दंड आणि बँकेचा चेक परतीचा खर्च मिळून 2,200. वसुलीचे फोन रोज यायला लागले, शेजाऱ्यांनाही यायला लागले. त्या लाजेपायी उरलेले 40 हजार गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये महिन्याने उचलले. आठ महिन्यांत 16 हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. शेवटी तिने आपल्या गटातून कर्ज काढून त्याला फेडलं. गटाचं व्याज झालं 5,200.

बेरीज करा. 25,800 रुपये. हॉस्पिटलने एक रुपया व्याज लावलं नाही. व्याज लावणारा त्यांनी दारात बसवला होता.

अमेरिकेत काही हॉस्पिटलं थकलेल्या बिलावर सरळ स्वतःच व्याज लावतात. तिथे दवाखान्यासाठी वेगळी क्रेडिट कार्डंही निघाली आहेत. मुदतीत सगळं फेडलं तर व्याज नाही, थोडं राहिलं तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज अंगावर. तिथल्या सरकारी कचेरीने 2023 साली सांगितलं की 2018 ते 2020 या तीन वर्षांत लोकांनी असं 100 कोटी डॉलर व्याज भरलं. म्हणजे शिकलेली, इंग्रजी वाचणारी माणसंही फसतात. जावेला मी बोल लावत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या हॉस्पिटलात सरकारी योजना चालू होती! आमचं केशरी रेशनकार्ड घरी ट्रंकेत. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ही योजना 2012 च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 1 जुलै 2024 पासून सगळ्या रेशनकार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत. सगळे आजार नाहीत, सगळी हॉस्पिटलंही नाहीत. म्हणून आधी 155388 या नंबरवर विचारायचं. दारात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न, "आरोग्यमित्र कुठे बसतात?" पैसे भरून झाल्यावर योजना मागायला गेलं की उशीर झालेला असतो. आमचा झाला.

योजनेत बसलं नाही, तर हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का ते विचारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठ्याकडे आजारपणात धावण्यापेक्षा तो आत्ताच काढून ठेवा. जिवावरचं असेल तर अशा हॉस्पिटलने अनामत न मागता आधी उपचार सुरू करायचे असतात. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गरोदर बाईकडे दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि ती बाई पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात गेली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे.

आणि बिल थकलं म्हणून पेशंटला अडवून ठेवता येत नाही, मयताचं शरीर तर नाहीच. 2021 च्या राज्याच्या नियमांत रुग्णाच्या हक्कांची सनद आहे, ती आणि दरपत्रक भिंतीवर लावायला हवं. पैसे बुडवा असं मी सांगत नाही. राहिलेली रक्कम हॉस्पिटललाच हप्त्याने द्यायची बोलणी करा, लिहून घ्या, बिलाचा तपशील मागा. आम्ही नंतर मागितला तर एक औषध दोनदा लावलेलं निघालं.

गावातल्या त्या माणसाबद्दल. 2014 च्या सावकारी कायद्यात परवाना लागतो. परवानाधारकालाही बिगरतारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शेतकऱ्याकडून 12. चक्रवाढ नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला 60. तक्रार अलिबागला सहायक निबंधकांकडे करता येते. आम्ही केली नाही. गावात राहायचं असतं, पोरं एका शाळेत जातात. माझं चुकलं असं मला आज वाटतं.

आता जरा कडू बोलते, रागावू नका. आपल्या गटाचं व्याज शेकडा दोन महिना आहे. वर्षाचे 24. सावकाराच्या 18 पेक्षा जास्त! आपण म्हणतो, व्याज आपल्याच पेटीत येतं. खरं आहे. शिलाई मशीनला, शेळीला, कॉटेजच्या चादरींना 24 परवडतं, कारण त्यातून चार पैसे सुटतात. मोडलेल्या हाडातून काय सुटतं? आजारी बाईच्या घरातून आलेलं व्याज आपण दिवाळीत वाटून घेतो. वही मीच लिहिते, म्हणून मला ते दिसतं.

तर ठराव असा आहे. दवाखान्याच्या कर्जाची वहीत वेगळी पानं. त्यावर शेकडा अर्धा रुपया महिना, आणि पहिले तीन महिने हप्ता नाही. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतला ठरलेला हिस्सा यासाठी बाजूला, आणि तो रात्रीसुद्धा मिळाला पाहिजे. म्हणून दोन सह्यांचा अधिकार प्रत्येक वाडीतल्या दोघींना. लाभांश थोडा कमी होईल. किती, ते मी फळ्यावर लिहिलंय.

वही पहिल्या रांगेपासून फिरवते. ज्यांना पटत नाही त्यांनी सही करण्याआधी उभं राहून बोला. मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केलाय, त्या आधी बोलतील.