उंबरठ्याचा आकडा
पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी चढूं लागलें म्हणजे सांगलीच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: "पुलापाशीं किती फूट?" हा पूल म्हणजे १९२९ सालीं खुला झालेला आयर्विन पूल. त्यापाशीं मोजलेलें पाणी हेंच साऱ्या शहराचें माप होऊन बसलें आहे. ४० फूट ही इशारापातळी व ४५ फूट ही धोकापातळी, हें तेथील शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. राज्याचा जलसंपदा विभाग व केंद्रीय जल आयोग नद्यांच्या पातळीचे आकडे प्रसिद्ध करीत असल्यामुळें ते आतां घरबसल्या मिळतात. परंतु आकडा ऐकणें निराळें आणि त्यापासून बोध घेणें निराळें.

एकट्या आकड्यास फारसा अर्थ नसतो. पातळी ३४ फूट आहे एवढेंच कळलें, तर पाणी चढत आहे कीं ओसरत आहे हें समजत नाहीं. यासाठीं एक साधी वही घालावी. तींत तारीख, वेळ, पातळी आणि मागील नोंदीपासूनची वाढ किंवा घट असे चार रकाने आंखावे व ठराविक वेळीं नोंद करावी. समजा, सकाळीं सहा वाजतां ३४ फूट पाणी होतें व दुपारीं बारा वाजतां तें साडेपस्तीस फूट झालें. सहा तासांत १८ इंच, म्हणजे ताशीं ३ इंच वाढ झाली. वेग हाच राहिला तर ४० फूट होण्यास आणखी १८ तास लागतील. एवढ्या हिशेबानें सामान हलविण्यास एक रात्र हातीं येते.

वेग तोच राहील कीं नाहीं, हें पाहण्यास नदीच्या वरच्या व खालच्या अंगाकडेहि लक्ष ठेवावें लागतें. कऱ्हाडास कोयना कृष्णेला मिळते. तेथील पाणी सांगलीस पोहोंचण्यास कांहीं तास लागतात. कऱ्हाडास पाणी सर्वांत वर केव्हां गेलें आणि सांगलीस केव्हां, हें दोनचार पुरांत टिपून ठेवलें म्हणजे तें अंतर वहीच सांगूं लागते. उलट, सांगलीच्या खालीं हरिपुरास वारणा येऊन मिळते. वारणेस पूर असला म्हणजे कृष्णेचें पाणी पुढें सरकण्याऐवजीं तुंबतें. म्हणूनच धरणांतून सारखें पाणी सोडलें तरी सांगलीची पातळी प्रत्येक वेळीं सारखी चढत नाहीं.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नदी पात्र सोडून शेतांतून पसरली कीं चढण्याचा वेग मंदावतो. परंतु त्यावरून पूर ओसरूं लागला असें समजूं नये. दुसरें असें कीं, जल आयोगाची पातळी मीटरांत व समुद्रसपाटीपासून दिलेली असते, तर पुलाचे फूट तेथील पट्टीच्या शून्यापासून मोजतात. हे आकडे एकमेकांशीं भिडवूं नयेत. चढउतार तेवढा ताडून पाहावा.

जुन्या खुणांवरहि सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. २००५ च्या महापुरांत पुलापाशीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें. ती खूण म्हणजे पुराची शेवटची सीमा, असें मानून ज्यानें धान्याचीं पोतीं तिच्या थोडी वर रचलीं असतील, त्याचें धान्य २०१९ च्या ऑगस्टांत भिजलेंच असणार. कारण त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्याहि वर चढलें. आजवरचा सर्वांत मोठा आकडा हा पुढें येऊं शकणारा सर्वांत मोठा आकडा नव्हे.

इशारापातळी व धोकापातळी हीं मापें साऱ्या शहरासाठीं आहेत. नदीकांठच्या सखल वस्त्यांत ४० फुटांच्या आधींच पाणी शिरूं लागतें, तर उंचावरच्या पेठेस ४५ फुटांनींहि कांहीं होत नाहीं. म्हणून प्रत्येक कुटुंबानें स्वतःचा आकडा शोधावा. पुलापाशीं किती फूट असतां पाणी गल्लीच्या तोंडाशीं आलें आणि किती फुटांस उंबरठ्याला लागलें, हें शेजारच्या जुन्या माणसांस विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावें. वृद्धांस, लेकरांस व घराच्या कागदपत्रांस सुरक्षित जागीं नेण्यास किती तास लागतात, हेंहि त्याखालीं मांडावें. मग पुलाचा आकडा कानीं पडतांच, निघावयाचें केव्हां, याचा विचार अंधारांत व घाबरलेल्या मनानें करावा लागणार नाहीं.